लेखी आदेश येईपर्यंत

"मेलेना," तातडीच्या विभागातले डॉक्टर म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून त्यांनी ते लगेच सोपे केले. "जठरातून रक्त जातंय, काका. ते खाली येईपर्यंत डांबरासारखं काळं होतं. शौचाला तसं होतं त्याला मेलेना म्हणतात. कधीपासून आहे?"

"आजपासून," मी उत्तर दिले. "सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, तेव्हा समजले."

स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलेली माझी पत्नी म्हणाली, "आज नाही. झाले असतील पंधरा-वीस दिवस."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. तिने डोळे उघडले नाहीत.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

या प्रश्नाची तयारी माझ्याइतकी कोणाचीच नसते. फाइल माझ्या हातातच होती. हृदयाच्या धमनीत स्टेंट टाकून जवळजवळ पावणेदोन वर्षे झाली आहेत, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या एकही दिवस न चुकता चालू आहेत, असे मी सांगितले. न चुकता हा शब्द मी थोड्या अभिमानानेच उच्चारला असावा.

"क्लोपिडोग्रेल अजून?" डॉक्टर थांबले. "वर्षानंतर चालू ठेवायला कोणी सांगितलं?"

"बंद करण्याचा लेखी आदेश आलेला नाही," मी म्हणालो.

तेव्हा स्ट्रेचरवरून, अगदी हळू आवाजात, ती म्हणाली, "सांगितलं होतं. त्या पोरीनं सांगितलं होतं बंद करा म्हणून. यायनं ऐकलं नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात तिसऱ्या माणसासमोर तिने माझे म्हणणे खोडल्याचे मला आठवत नाही. ते खोडले तेव्हा तिचा रक्तदाब इतका खाली होता की परिचारिकेने पायाकडची बाजू वर उचलली होती.

हे मी माझ्यासारख्या लोकांसाठी लिहीत आहे. ज्यांच्या घरी स्टेंट बसलेले माणूस आहे, ज्यांच्या कपाटात अनुक्रमांक घातलेली फाइल आहे, आणि आपण कागदोपत्री पक्के आहोत म्हणजे आपण बरोबर आहोत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी. मला यात सहानुभूती नको आहे. झाले ते क्रमाने सांगतो.

निवृत्तीपर्यंत मी एका मंडळाच्या विधी शाखेत काम केले. त्या शाखेने मला एक गोष्ट हाडामासात भिनवली. ज्या अधिकाऱ्याने आदेश काढला त्यानेच, किंवा त्याच्या वरच्याने, तो लेखी मागे घेतल्याशिवाय आदेश संपत नाही. साहेबांनी तोंडी सांगितले म्हणून काम करणारी माणसे पुढे चौकशीत उभी राहतात आणि साहेब म्हणतात, मी असे बोललोच नव्हतो. मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. एका सज्जन सहकाऱ्याची शेवटची वर्षे त्यात नासली. त्यामुळे तोंडी शब्दाबद्दल माझ्या मनात तिरस्कार आहे, आणि तो मी कधी लपवलेला नाही. मनीषनगरातल्या आमच्या गल्लीतल्या गटारापासून निवृत्तिवेतनाच्या फरकापर्यंत मी प्रत्येक बाबतीत पत्र लिहिले आहे, पोच घेतली आहे, आणि पुष्कळदा जिंकलोही आहे.

पत्नीला हृदयविकाराचा झटका आला तो या प्रसंगाच्या पावणेदोन वर्षे आधी, उन्हाळ्यात. अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे बुजलेली धमनी आतून फुगा फुगवून मोकळी केली, आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून तिथे स्टेंट ठेवला. स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक जाळीची नळी. शरीराच्या लेखी ती उपरी वस्तू असते. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या कणिका, ज्यांच्यामुळे जखमेवर रक्त गोठते, त्या या जाळीवर चिकटून गुठळी करू शकतात. गुठळी झाली तर नळी बंद, आणि पुन्हा झटका. म्हणून प्लेटलेटचा चिकटपणा कमी करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र देतात. याला ड्युअल अँटिप्लेटलेट थेरपी म्हणतात. घरी सुटताना मिळालेल्या कागदावर लिहिले होते की दोन्ही गोळ्या बारा महिने, त्यानंतर पुनर्तपासणी.

ती अंमलबजावणी मी माझ्याकडे घेतली. सकाळी तिची पूजा झाली की मी पेला आणि दोन गोळ्या घेऊन उभा राहत असे. ती माझ्या हातावरून गोळ्या उचलायची, मी त्या गिळलेल्या पाहायचो, आणि मगच वर्तमानपत्र उघडायचो. माझ्या मते ते प्रेम होते. अजूनही ते प्रेम नव्हते असे म्हणायला मी तयार नाही.

बारा महिन्यांनी आम्ही पुनर्तपासणीला गेलो. ज्या डॉक्टरांनी स्टेंट टाकला ते बाहेरगावी होते. त्यांच्या खोलीत त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टर बसल्या होत्या. त्यांनी तपासले, कागद पाहिले, आणि म्हणाल्या, "छान आहे सगळं. वर्ष झालं, आता क्लोपिडोग्रेल थांबवू या. ॲस्पिरिन चालू राहील, ती बहुतेक कायमची. मावशींचं हिमोग्लोबिन मात्र जरा उतरलंय. पोटाचा काही त्रास? गुडघ्यासाठी वगैरे काही घेता का?"

पत्नी उत्तर देण्यासाठी तोंड उघडत होती. मी मध्ये बोललो. "मुख्य डॉक्टरांच्या आदेशात बदल करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?"

त्या क्षणभर गोंधळल्या. "त्यांच्याशी फोनवर बोलले आहे मी, काका. आज येणाऱ्या सगळ्याच पेशंटबद्दल. मी लिहून देते ना."

"फोनवरचे बोलणे हा पुरावा होत नाही. आदेश त्यांचा आहे. सही त्यांची पाहिजे."

"ते पुढच्या आठवड्यात येतील. पण तोपर्यंत गोळी नका देऊ."

"तोपर्यंत पूर्वीचा आदेश लागू राहील," मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोरून फाइल उचलून उभा राहिलो. त्यांनी पेन उघडलेले होते. लिहिण्याची संधी मीच दिली नाही.

बाहेर ऑटोत बसल्यावर पत्नी म्हणाली, "बरोबर तर बोलून राहिली होती ती पोरगी."

"वैद्यकशास्त्र तुला जास्त कळते?"

"मले नाही कळत. तिले कळते ना."

माझ्या मनात पत्राचा पहिला परिच्छेद तयार होत होता.

ते पत्र रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना गेले. अधिकारप्रदानाचा मुद्दा मी त्यात सविस्तर मांडला आणि खुलासा पोस्टाने मागितला. खुलासा येण्याआधी पत्नीला घेऊन तिथे जाणे म्हणजे आपली हरकत आपणच सोडून देणे, असे मला वाटले. उत्तर आले. त्यात दिलगिरी होती, आणि रुग्णास कृपया लवकरात लवकर मुख्य डॉक्टरांकडे घेऊन यावे अशी विनंती होती. माझ्या मूळ मुद्द्याला त्यांनी हातही लावला नव्हता. मी ते उत्तर टाळाटाळीचे ठरवले आणि त्या तरुण डॉक्टरांविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे तक्रार पाठवली.

पुढचे आठ-नऊ महिने हा पत्रव्यवहार चालला. तेवढे महिने रोज सकाळी मी तिला दोन गोळ्या देत होतो.

चिन्हे नव्हती असे नाही. बांगडी लागली तरी तिच्या हातावर निळा डाग उमटे. दात घासताना रक्त येई. हे औषधाचे अपेक्षित परिणाम आहेत असे मी तिला समजावत असे, आणि ते खरेही होते. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबू लागली. मी म्हणालो, वय झाले. तिचे गुडघे दुखत. हुडकेश्वरला राहणारी तिची धाकटी बहीण मंदा तिला स्वतःच्या वेदनाशामक गोळ्या आणून देई, हे मला ठाऊक नव्हते. या दोन गोळ्यांच्या जोडीला वेदनाशामक म्हणजे जठराच्या अस्तरावर तिहेरी मारा. ते ठाऊक असण्याची एक संधी होती. "गुडघ्यासाठी काही घेता का," हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला होता, आणि मी तो कापला होता.

एकदा ती म्हणाली होती, "अजून किती दिवस देणार हे दोन-दोन?"

"आदेश आल्यावर बंद करू."

ती हसली. मला ते हसणे आवडले होते.

आता पुन्हा तातडीच्या विभागाकडे येतो. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि जवळचे म्हणून त्याच रुग्णालयात आणले, ज्याच्या नावाने माझ्या कपाटात एक स्वतंत्र फाइल होती. मी आत शिरलो तो भांडणाच्या तयारीने. आपले नाव ऐकताच हे लोक डोळे वटारतील अशी माझी खात्री होती. टेबलावरच्या मुलीने नाव लिहून घेतले आणि विचारले, "ब्लड ग्रुप माहीत आहे का?" इतकेच. माझ्या पत्रांनी ज्यांची झोप उडाली असेल असे मी समजत होतो, त्यांच्यापैकी कोणी मला ओळखतही नव्हते.

एंडोस्कोपी ठरली. तोंडातून लवचीक दुर्बीण जठरापर्यंत नेतात, रक्त कुठून येते ते पाहतात, आणि शक्य असेल तर तिथेच चिमटा लावून ते थांबवतात. संमतिपत्र माझ्या हातात दिले गेले आणि मी ते सवयीप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. दुसऱ्या परिच्छेदापाशी माझ्या लक्षात आले की ट्रॉली दाराशी थांबली आहे आणि ती ढकलणारे दोघे माझ्याकडे पाहत आहेत. तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते. मी सही केली.

बाहेरच्या बाकावर मंदा येऊन बसली. तिचा श्वास लागला होता. तिच्या गोळ्यांबद्दल पत्नीने आत जाण्यापूर्वी डॉक्टरांना सांगितले, तेव्हा ते मला कळले होते, म्हणून मी तिच्यावर चिडलो. कोणाला न विचारता बहिणीला गोळ्या देतेस, तू डॉक्टर आहेस का, असे बरेच बोललो. तिने सगळे ऐकून घेतले.

मग ती म्हणाली, "हो भाऊजी, माह्यं चुकलं. आन् दुसरंही एक चुकलं. ते काळं होऊन राहिलं हे मले माहीत होतं. ताईनं सांगितलं होतं."

"मग मला का सांगितले नाही?"

"तिनं शपथ घातली. म्हणे यायले सांगू नको. सांगितलं का हे लगेच दवाखान्याले कागद लिहितील, तिथं जाऊन भांडतील. आधीच यायनं त्या डाक्टरनीवर केस केली, म्हणे, आता तिथं कोण मले हात लावंन?"



"दुसऱ्या दवाखान्यात जाऊ म्हटलं मी तिले," मंदा म्हणाली. "तर म्हणे, तिथंही हेच येतील ना संगं." "राग नका मानू भाऊजी, पण तुमच्या घरी ताप आला तरी अर्ज करा लागते माणसाले."

  माझी पत्नी पंधरा-वीस दिवस स्वतःचे रक्त जाताना पाहत होती, आणि तिला त्या रक्तापेक्षा माझ्या पत्राची भीती जास्त वाटत होती. या वाक्यात मी काहीही वाढवून सांगितलेले नाही.

जठरात व्रण होता, त्याच्या तळाशी उघडी पडलेली रक्तवाहिनी. तिला क्लिप लावली. रक्त चढवले. क्लोपिडोग्रेल कायमची बंद झाली, आणि ॲस्पिरिनही दोन-तीन दिवस थांबवायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने छातीवर हात ठेवला. "जड वाटून राहिलं," म्हणाली.

ज्या घरात स्टेंट आहे तिथल्या माणसाला या तीन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. दोन्ही गोळ्या बंद होत्या. पावणेदोन वर्षे जे टाळण्यासाठी मी रोज गोळ्या देत होतो, ते आता होणार असे मला दिसू लागले. ईसीजी काढला. ट्रोपोनिनसाठी रक्त घेतले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढते. आणि हृदयरोग विभागातून डॉक्टर बोलावल्या गेल्या. त्या आल्या तेव्हा मी खुर्चीवरून उठलो, आणि उठल्यावर काय करावे ते मला कळेना. त्याच होत्या.

त्यांनी मला ओळखले. मान हलवली आणि सरळ पत्नीकडे गेल्या. स्टूल ओढून तिच्या उशाशी बसल्या. "मावशी, कुठं जड वाटतं, बोटानं दाखवा. हातात जातं का? दम लागतो? मागच्या वेळेस झालं होतं तसंच, की वेगळं?" प्रत्येक प्रश्नाला त्या थांबत होत्या. पत्नी सावकाश, नीट उत्तरे देत होती. तिला इतके सांगता येते हे मी ऐकत होतो.

ट्रोपोनिनचा पहिला आकडा थोडा वरच होता. काही तासांनी पुन्हा तपासायचे होते. वाढत गेला तर स्टेंटमध्ये गुठळी असण्याची शक्यता, आणि तसे असेल तर रक्त पातळ करणारी औषधे पुन्हा द्यावी लागणार, तीही ताज्या व्रणावर. एका बाजूला द्यावे तर रक्त जाणार, दुसऱ्या बाजूला न द्यावे तर धमनी मिटणार. ते तास मी खाटेच्या पायाशी बसून काढले. कोणालाही पत्र लिहावे असे तेव्हा एकदाही मनात आले नाही. लिहिणार कोणाला होतो?

आकडा वाढला नाही. रक्त कमी पडल्याने हृदयावर ताण आला होता, असे त्यांनी सांगितले. आणखी एक पिशवी चढवली आणि संध्याकाळपर्यंत छाती हलकी झाली.

मग त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये समजावले. मी विचारले होते की दोन गोळ्या किती काळ द्याव्यात याचा नेमका नियम काय. माझ्या आवाजात आदल्या वेळचा सूर नव्हता, तरी त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

"नियम आहे, काका. झटक्यानंतर स्टेंट बसवला तर साधारण वर्षभर दोन गोळ्या. झटका न येता बसवला तर बहुधा सहा महिने. पण तो पेशंट पाहून लावायचा असतो. वय जास्त, वजन कमी, हिमोग्लोबिन कमी, आधी व्रण झालेला, वेदनाशामक चालू, असं असेल तर आधीच थांबवतात. काहींना, ज्यांना गुठळीचा धोका जास्त आणि रक्तस्रावाचा कमी, त्यांना वर्षाच्या पुढेही देतात. स्टेंट बंद पडायचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, जाळीवर आतून अस्तर आलं की तो उतरतो. रक्तस्रावाचा धोका मात्र गोळी चालू आहे तोवर रोजचा असतो. आपण दोन्ही तोलत राहतो. कधीकधी आपला अंदाज चुकतोही."

एकच कलम, पण वस्तुस्थिती वेगळी म्हणून निर्णय वेगळा. हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. नोकरीत मी तेच तर करत होतो.

मी त्यांना म्हणालो, "माझ्या तक्रारीबद्दल मी आपली क्षमा मागतो. ती मी मागे घेणार आहे."

"मला खुलासा द्यावा लागला," त्या म्हणाल्या. "दोनदा. तेव्हा माझी परीक्षा होती." "मी रागावले होते तुमच्यावर. खोटं नाही सांगत. पण मलाही एक गोष्ट टोचत राहिली. त्या दिवशी मी सगळा वेळ तुमच्याशीच बोलत बसले. गोळ्या मावशींच्या होत्या. त्यांच्या हातात चिठ्ठी द्यायला हवी होती."

क्षमा केली असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी ते वदवून घेण्याचा प्रयत्न केला नाही. ॲस्पिरिन कधी पुन्हा सुरू करायची ते त्यांनी ठरवले आणि त्या खोलीत जाऊन पत्नीला सांगितले. मी दाराशी उभा होतो.

तक्रार मागे घेणारे पत्र मी लिहिले. माझ्या पत्रांपैकी ते सर्वांत लहान आहे. तक्रार निराधार होती, आणि विलंबाने झालेल्या हानीस तक्रारदार स्वतः जबाबदार आहे, असे त्यात म्हटले. त्याने त्या डॉक्टरांचे गेलेले दिवस परत आले नाहीत.

जे माझ्यासारखे आहेत त्यांना एवढेच सांगतो. लेखी मागणे चूक नाही. औषध किती काळ घ्यायचे, का घ्यायचे आणि कोणत्या तारखेनंतर फेरविचार व्हायचा, हे प्रत्येक रुग्णाला लिहून मिळालेच पाहिजे, आणि तोंडी पुटपुटून पुढचा नंबर बोलावणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग आजही आहे. पण मागणी पुरी होईपर्यंत औषधच थांबवायचे की चालू ठेवायचे, हा निर्णय पत्रव्यवहारावर सोडता येत नाही. शंका आली तर त्याच दिवशी कोणातरी हृदयरोगतज्ज्ञासमोर जाऊन बसा. आणि माझी हकिकत वाचून उद्या कोणी स्वतःहून गोळी टाकून देऊ नका. सुरुवातीच्या महिन्यांत मनाने बंद केलेली गोळी जीव घेऊ शकते. दात काढायचा असो की मोतीबिंदू, कोणी थांबवा म्हटले तरी स्टेंट टाकणाऱ्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. शौचाला काळे होणे, उगीच लागणारी धाप, फिका पडलेला चेहरा, यांतले काही दिसले तर ते वयावर ढकलू नका. दुखण्याची कोणतीही गोळी, शेजारणीची असो की बहिणीची, डॉक्टरांना सांगून घ्या.

आणि घरातल्या माणसाला तुम्हाला सांगायची भीती वाटते का, ते तपासा. हे कसे तपासतात ते मला माहीत नाही. विचारून कळत नाही. मी तिला विचारले होते, "तुला माझी भीती वाटते का?" ती म्हणाली, "छट्. भीती कायची?" आणि उठून गॅसवर चहा ठेवायला गेली.

गोळी ती आता स्वतः घेते. पहिले काही दिवस माझा हात पेल्याकडे जात असे. तपासणीला गेलो की ती मंदाला घेऊन आत जाते आणि मी बाहेर बसतो. हे तिने ठरवले. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तुम्ही बाहेर बसा, उगीच तुमचं बीपी वाढते," म्हणाली. दोघी आत गेल्या की खोलीतून कधीकधी हसण्याचा आवाज येतो. पहिल्या वेळेस मला तो अपमान वाटला. आता तिथल्या बाकावर माझ्यासारखेच एकदोघे म्हातारे मांडीवर फाइल घेऊन बसलेले असतात. 

मागच्या आठवड्यात, थंडी पडू लागली तेव्हा, मी सकाळी वर्तमानपत्र वाचत होतो. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "ऐका. मले काल रातपासून छातीत जळजळून राहिलं. काळंबिळं नाही, मी पाहिलं. पण दाखवून येऊ."

तिने स्वतःहून सांगितले. दिवसा, तोंडावर, मंदाला शपथ न घालता. मी वर्तमानपत्र खाली ठेवले, आणि माझा आवाज नेहमीसारखा निघावा याची काळजी घेत म्हणालो, "चल." 

त्या दिवशी त्याच तरुण डॉक्टरांनी मलाही आत बोलावले. ईसीजी चांगला होता, पोट मऊ होते, हिमोग्लोबिन आधीपेक्षा बरे होते. "काल काय खाल्लं होतं, मावशी?"

"सांबारवडी. माह्या बहिणीनं आणली होती."

"किती?"

पत्नीने खाली पाहिले. "पाच."

घरून निघताना तिने मला या तळलेल्या कोथिंबीरवड्या दोन सांगितल्या होत्या. दोन जबाबांतली ही तफावत माझ्या लक्षात आली. डॉक्टरांनी आम्लपित्ताची गोळी लिहून चिठ्ठी तिच्या हातात दिली, आणि मी खुर्ची मागे सरकवून तिच्यासाठी दार उघडले.